एक डोळा गेला, दुसरा द्यायचा नव्हता

मोतीबिंदू झालेल्या माणसाला धीर द्यायला सगळं गाव येतं. पुढं नेमकं काय होणार, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून माझ्यावर जे गुजरलं ते लिहून ठेवते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. पण त्या मी स्वतः बघून लिहिलेल्या आहेत. एका डोळ्यानं. दुसऱ्याचं काय झालं तेही सांगते.

मुंग्यांचं वारूळ

मी मुरुडला मुलींच्या शाळेत शिकवत असे. लहानपणीच वैधव्य आलं. थोरल्या भावानं लोकांचे बोल खाऊन मला पुण्याला शिकायला धाडलं, आणि मी मास्तरीण होऊन परत आले. पुढं भाऊ गेला, मला पेन्शन लागली, आणि मी त्याच्या मुलाकडे, वसंताकडे, राहू लागले. वसंता सुपारीच्या वखारीत काम करतो. त्याची बायको सुमती. दोघंही मला आत्या म्हणतात.

आधी दिव्याभोवती कडं दिसू लागलं. मग तांदूळ निवडताना खडे हाताला लागत, डोळ्यांना दिसत नसत. एकदा रस्त्यात कुणी तरी माझ्यापुढं वाकलं म्हणून मी भरघोस आशीर्वाद दिला. तो टपालवाला होता, खाली पडलेलं पाकीट उचलत होता. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र वर्तमानपत्र खिडकीपाशी धरून बघितलं. मथळे तेवढे दिसले. त्याखाली सगळं मुंग्यांचं वारूळ.

वैद्यबुवांनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अंबूताई. वयच झालं आता." एवढं बोलून ते सुमतीनं दिलेला चहा प्यायले. चहा पिऊन होईस्तोवर माझं काय करायचं यावर घरात बोलणं सुरूही झालं. मी तिथंच बसले होते. डोळे गेले की माणूस कानांनीही बहिरं झालं असं लोक धरून चालतात, हा माझा पहिला अनुभव.

सुईवाला

त्या थंडीत गावोगाव फिरून मोतीबिंदू उतरवणारा एक सुईवाला मुरुडला आला. वसंतानंच त्याला घरी आणलं, आणि चांगल्या मनानं आणलं. मुंबईचा खटाटोप नको, आत्याला अंगणातच दिसू लागेल, असं त्याला वाटलं.

अंगणात मला उन्हाकडे तोंड करून बसवलं. त्याच्या जोडीदारानं मागून डोकं धरलं. डाव्या डोळ्यात सुई गेली तेव्हा मी ओरडले नाही. शेजारपाजारच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी बघत होत्या. आतला पडदा खाली ढकलल्यासारखा झाला आणि एकदम उजेड आला. "काय दिसतं?" त्यानं विचारलं. "तुझा लाल फेटा," मी म्हणाले. अंगणात टाळ्या पडल्या. सुमतीनं त्याला नारळ दिला.

दोन-तीन दिवसांत डोळा ठणकू लागला. डोक्याची डावी बाजू कुणी उखळात कुटतंय असं वाटे. सूज आली, पू झाला. वसंता त्याला शोधायला धावला तेव्हा तो कधीच पुढच्या गावाला गेला होता. दुखणं थांबलं तेव्हा डावा डोळा संपलेला होता. उजव्यात धुकं होतंच, ते रोज दाट होत होतं.

घरातलं युद्ध

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उजवा डोळा तपासून स्पष्ट सांगितलं, "हा वाचू शकतो. मुंबईला मोठ्या इस्पितळात जा. तिथं मोतीबिंदू ढकलत नाहीत, कापून बाहेर काढतात."

घरी येऊन मी म्हणाले, "मी मुंबईला जाणार."

वसंता जेवता जेवता थांबला. "आत्या, एक डोळा गेला तो पुरे नाही झाला? निदान आत्ता तुला उजेड-अंधार तरी कळतो."

"उजेड-अंधार कोंबड्यालाही कळतो."

"या वयात आता वाचून काय करायचंय? सुमती आहे, मी आहे. तुला काय कमी पडू देतो?"

तो खरंच काही कमी पडू देत नव्हता. सुमती मला न्हाणीत नेई, ताटातली आमटी कुठं नि भाजी कुठं ते सांगे, माझं लुगडं उलटं असलं तर नीट करून देई. त्यामुळं त्याच्याशी भांडणं फार अवघड होतं. वाईट वागणाऱ्याशी भांडायला जोर येतो.

 सुमती म्हणाली, "आत्यांना जाऊ द्या."

वसंता तिच्यावर भडकला. "तुला करावं लागतं म्हणून तुला ती नको झालीय."

पाट सरकल्याचा आवाज आला. सुमती उठून उभी राहिली होती. "हो, मला करावं लागतं," ती म्हणाली. "कंबर मोडते माझी. आणि रोज आत्या माझ्या हाताला धरून न्हाणीत जातात तेव्हा त्यांचा हात कसा थरथरतो ते मला कळतं, तुम्हाला नाही. त्यांना माझा हात धरायची लाज वाटते. त्यांना जाऊ द्या."

माझ्या मनातलं ती असं उघड्यावर मांडेल हे मला ठाऊक नव्हतं.  तिसऱ्या दिवशी वसंतानं सांगितलं की वखारीतून त्याला रजा मिळणार नाही, तेव्हा जायचा प्रश्नच नाही. त्याला वाटलं विषय मिटला.

दाऊदचाचा

आमच्या वाडीच्या पलीकडे दाऊदचाचांचं घर. ते गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबत त्यांच्या हुकमानं चाले. त्यांचे डोळे माझ्याआधीच गेले होते. त्यांची मुलगी जैनब माझ्या वर्गात शिकलेली. नवरा वारल्यावर बापाकडेच राहायची. माझं घरातलं भांडण तिनं कुंपणापलीकडून ऐकलं असणार, कारण वसंतानं नाही म्हटल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचा काठी आपटत आमच्या अंगणात आले.

"बाई, मी पन चाललोय मुंबईला, डोला दाखवायला. जैनब संगती हाय. तुमी चला."

वसंता म्हणाला, "चाचा, तुम्हाला स्वतःला दिसत नाही, तुम्ही आत्याला कुठं नेता?"

"मी न्हाय नेत. आगबोट नेते."

आमच्या आळीत त्यावरून कुजबुज झाली. विधवा बाई, मुसलमान तांडेलाबरोबर, परक्या हातचं खात इस्पितळात पडणार. एक भटजी तर मला समजवायला घरी आले. मी त्यांना विचारलं, "तुम्ही येता का मग बरोबर?" ते आले नाहीत. वसंताला न जुमानता मी चाचा आणि जैनबबरोबर निघाले.

मुरुडला आगबोट किनाऱ्याला लागत नाही. पडावात, म्हणजे लहान होडीत, बसून समुद्रात जायचं आणि तिथून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा. डोळस माणसंही तिथं घाबरतात. पडाव वर-खाली होत होता, माझ्यासमोर एक काळी भिंत हलत होती, खलाशी ओरडत होते, आणि माझे पाय उचलेनात. माझ्या मागून चाचा म्हणाले, "बाई, मला बी काय दिसत न्हाय. मी सांगतो तवा पाय टाका. आता न्हाय... आता न्हाय... लाट आली. टाका!"

मी टाकला. शिडीची लोखंडी पायरी पायाला लागली. वरून एका खलाशानं मनगट धरून ओढलं आणि मी बोटीवर बसकण मारली. चाचा मागून आले ते हसतच. घाबरट माणसाला मी उभा जन्म वर्गात रागावत आले होते. त्या दिवशी कळलं की घाबरट माणसाला नुसतं 'आता' म्हणणारं कुणी तरी लागतं.

वाळूच्या पिशव्या

इस्पितळाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ज्याला जायचंय त्याला हेच हवं असतं.

डोळ्यात थेंब घालून तो बधिर करतात. माणूस जागा असतो. सुरी येताना पुसट दिसते. दुखत नाही, पण आपल्या डोळ्यात कुणी काही करतंय हे कळतं, आणि ते कळणंच कठीण असतं. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या ठेवतात. मान हलवायची नाही. कूस बदलायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं नाही. हसायचंही नाही. जखम उघडली तर डोळा गेला.

तोटीच्या भांड्यातून पेज पाजतात. पाजणारी नर्सबाई कोणत्या जातीची हे मी विचारलं नाही. मला भूक लागली होती. बाकीचे विधीही अंथरुणातच, दुसऱ्याच्या हातानं. मला वाटलं होतं लाजेनं मरेन. मेले नाही. लाज पहिल्या दिवशी असते, दुसऱ्या दिवशी माणूस नर्सबाईची वाट बघतो.

भीती मात्र गेली नाही. एका दुपारी घशात खवखव सुरू झाली. कोकणातला जुना खोकला तो. मी जीभ टाळूला दाबून धरली, नाकानं हळूहळू श्वास घेतला, तरी तो वर चढत होता. एवढं घर सोडून, एवढं भांडून आले ते एका खोकल्यापायी जाणार, या विचारानं मला त्या खोकल्याचाच राग आला. मनातल्या मनात त्याला म्हणाले, मेल्या, वर्गात साठ पोरी गप्प केल्यात मी. जैनबला माझ्या हाताची मूठ वळलेली दिसली. ती नर्सबाईला घेऊन आली आणि माझ्या जिभेवर खडीसाखर ठेवली गेली. ती विरघळेपर्यंत जैनब माझी मूठ धरून बसली होती.

शेजारच्या खाटेवरची बाई पट्टीखाली रडायची. रडू नका म्हटलं की आणखी रडायची. मी तिला हळू आवाजात पाढे म्हणायला लावले. तेरा सत्ते तिनं असे सांगितले की मला हसू यायला लागलं, आणि हसायचं तर नव्हतं. मग मी पाढे बदलून श्लोक घेतले.

पट्टी सोडली तेव्हा

पट्टी सोडली तेव्हा आधी नुसता पांढरा उजेड होता. मग त्यात काही तरी निळं हललं. ती नर्सबाईच्या बाहीची किनार होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय?" मला अंगणातल्या टाळ्या आठवल्या आणि मी उत्तर द्यायला घाबरले. "आत्ता नाही सांगत," मी म्हणाले. "आठवड्यानं विचारा." डॉक्टर हसले. आठवड्यानं त्यांनी खरंच विचारलं, आणि तेव्हाही दिसत होतं.

चाचांना मात्र डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. आतली नस सुकलेली, आता इलाज नाही. जैनबनं मला ते जिन्यात सांगितलं आणि ती रडली. चाचा खाली बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला दिसतंय याची मला शरम वाटत होती.

ते म्हणाले, "बाई, तुमचं काम झालं ना?"

"झालं."

"मग अर्दं काम तं झालं. मुंबईला आलो ते फुकट न्हाय गेलं."  मग काठी उचलून म्हणाले, "चला, बोट चुकंल."

खोपीतली मंडळी

पुढं मला जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्यातून जग मोठं आणि जवळ आलेलं दिसतं. चहा कपाबाहेर ओतला जातो, पायरी जिथं दिसते तिथं नसते, दाराच्या चौकटी वाकतात. घरी आले तेव्हा वसंतानं बाहेर जायला बंदी केली. "पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन. चालायला कुठं तरी शिकायला हवंच ना."

समुद्राची ओली वाळू टणक असते, सपाट असते आणि पडलं तरी लागत नाही. म्हणून ओहोटीची वेळ साधून मी सकाळी तिथं जाऊ लागले. चाचा घरात बसून होते. जेवत नव्हते, बोलत नव्हते. एका सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन काठीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "चाचा, मला अंतर कळत नाही आणि तुम्हाला वाट दिसत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होईल. उठा."

"लोक हसतील, बाई."

"हसू देत. आपल्याला आता हसायची मनाई नाही."

लोक हसलेच. एकाक्ष मास्तरीण आणि आंधळा तांडेल एका काठीला धरून चालतात, हा मुरुडचा तमाशा झाला. पण थोड्या दिवसांनी गुडघेदुखीनं घरात पडलेले एक सोनार आमच्या मागून चालू लागले. मग मीठवाल्यांची आजी. मग दोन-चार कोळणी, ज्यांना सुनांनी मासळीच्या टोपल्या उचलायला बंदी केली होती आणि करायला दुसरं काही दिलं नव्हतं. चालून झालं की आम्ही चाचांच्या जुन्या खोपीत बसायचो, जिथं पूर्वी गलबताची शिडं ठेवत. जैनबनं ती झाडून सारवून दिली.

तिथं आमचा एकच नेम होता. जो सकाळी आला नाही त्याच्या दारात दोघांनी जायचं. त्यातून कळलं की मीठवाल्यांच्या आजीला दात नाहीत म्हणून ती दिवसाकाठी नुसत्या ताकावर राहते. घरच्यांना ते माहीतच नव्हतं. तिच्या सुनेला आम्ही नाचणीची आंबील आणि मऊ भात करायला सांगितलं, आणि आजी ते खाते ना हे बघायला रोज जाऊ लागलो. सून चिडली, पण आंबील करू लागली. दवाखान्यातले डॉक्टर बाजाराच्या दिवशी खोपीत येऊन कुणाची छाती, कुणाचे पाय बघून जात. मी सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. अक्षर नाकापाशी धरावं लागे, पण वाचत असे मी.

आळीतले ते भटजी म्हणाले, "या वयात जप करावा, वाळूत काय फिरता?" मी म्हटलं, "जप चालता चालताही होतो." पुढच्या पावसाळ्याआधी ते येऊ लागले. बसायला स्वतःचं वेगळं आसन आणीत, आणू दिलं. पाय तर आमच्याच वाळूत टाकत होते.

बाजारात

पुढच्या थंडीत जैनब धावत खोपीत आली. "बाई, तो सुईवाला आलाय. बाजारात बसलाय. रखमायला बसवलंय पुढ्यात."

रखमाय आमच्यातलीच कोळीण. तिलाही मोतीबिंदू झाला होता, पण मुंबईची भीती वाटे. मी उठले. चाचा काठीचं टोक धरून बरोबर निघाले, आणि मागून अख्खी खोप.

रखमाय स्टुलावर बसली होती, मागून तिचं डोकं धरलेलं. मी त्या जोडीदाराला म्हणाले, "हात काढ." वर्गातला आवाज अजून शाबूत होता, त्यानं काढला.

सुईवाल्यानं मला ओळखलं नाही. मी चष्मा काढला आणि डाव्या डोळ्याची पापणी बोटानं वर केली. तिथं आता पांढरी खोबण आहे. आरशातही मी ती बघत नाही. त्या दिवशी भर बाजारात सगळ्यांना दाखवली.

"हा याच्या हातचा डोळा," मी म्हणाले. "मलाही त्या दिवशी दिसलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारी माणसं इथं उभी असतील, त्यांनी सांगावं."

 सुईवाला म्हणाला, "बाई, तुम्ही पथ्य पाळलं नसेल. माझ्या हातून हजार लोकांना दिसू लागलंय."

"चौथ्या दिवशी विचारलंस का त्यांना?"

"ही बाई लोकांना उगाच भडकवते..."

"मीच तुला घरी आणलं होतं," मागून कुणी तरी म्हणालं. वसंता. वखारीतून तसाच आला होता, अंगावर सुपारीची धूळ. तो कधी चारचौघांत आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "मी तुझ्यामागं पुढच्या गावापर्यंत आलो होतो. तू नव्हतास. आता आहेस तर माझ्या आत्याकडे बघून सांग की तिचं चुकलं."

सुईवाल्यानं माझ्याकडे बघितलं नाही. सामान आवरू लागला. खोटं कशाला सांगू, त्याच्या मागोमाग दोघं म्हातारे पुढच्या गावी गेले आणि त्यांनी मोतीबिंदू उतरवून घेतलाच. सगळ्यांना अडवता येत नाही. रखमाय मात्र स्टुलावरून उठली. "मंग मी कुटं जाऊ?" तिनं रागानं मला विचारलं. "तू उठवलंस, तूच ने."

रखमाय परत आली

वसंतानं रजा काढली. रखमायला आणि आणखी दोघांना घेऊन तोच मुंबईला गेला. त्याच्या पाठीमागे मी आणि सुमती रात्रीचं जेवून ओटीवर बसत असू. एकदा ती म्हणाली, "आत्या, तुमचा हात आता थरथरत नाही." मी म्हटलं, "तुझी कंबर कशी आहे?" 

रखमाय आली त्या दिवशी आम्ही सगळे बंदरावर होतो. तिचा मुलगा हिरू पाण्यात उतरून पडाव धरायला गेला. ती जाड चष्मा लावून मधल्या फळीवर ताठ बसली होती. पडाव जवळ आला तशी ती त्याच्याकडे टक लावून बघू लागली. हिरू कंबरभर पाण्यात तसाच थांबला.

"हिरू, तुजे केस कवा रं पिकले?"

 पाण्यातच उभा राहून तो डोळे पुसू लागला. मग तिला उचलून धक्क्यावर ठेवायला त्यानं दोन्ही हात पुढं केले.

रखमायनं ते बाजूला सारले. "सर रं तिकडं," ती म्हणाली, "पायरी दिसते मला." आणि लुगडं सावरून आपली आपण चढून वर आली.